गिरणी कामगारांचे प्रतिनिधित्व आणि कामगार संरक्षणाचा क्षय : मुंबईच्या कापड उद्योगाचा ऐतिहासिक अभ्यास (१८८४–१९८३)

प्रस्तावना

मुंबईतील पहिली कापड गिरणी उभारण्याचा उपक्रम कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये हाती घेतला आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील शतकभर हा उद्योग मुंबईच्या अर्थव्यवस्थेचा कणा राहिला. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे व अहमदनगर या भागांतून तसेच उत्तर भारतातून आलेल्या कष्टकऱ्यांनी परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या परिसरात गिरणगाव वसविले. भारतातील कामगार कायद्यांचा आरंभीचा इतिहास बऱ्याच अंशी याच गिरणगावाच्या संघर्षातून घडला आहे. त्यामुळे कामगारांना मिळालेली संरक्षणे कशी आली आणि पुढे ती दुबळी का झाली, याचा शोध घेण्यासाठी मुंबईचा कापड उद्योग हे महत्त्वाचे अभ्यासक्षेत्र ठरते.

या विषयावर मॉरिस डी. मॉरिस, राजनारायण चंदावरकर, हब व्हॅन वर्श, मीना मेनन व नीरा आडारकर आदी अभ्यासकांनी मोलाचे लेखन केले आहे. संरक्षणाच्या क्षयाची चर्चा सामान्यतः १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून सुरू केली जाते. परंतु गिरणी कामगारांचा इतिहास पाहता या क्षयाची बीजे त्यापूर्वीच पडलेली होती, असे दिसून येते. कामगाराला काय मिळावे हे कायद्याने हळूहळू ठरविले. मात्र कामगाराच्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती राहू दिला नाही. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा केंद्रस्थानी ठेवला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १८८४ ते १९४८ या काळात कामगार संरक्षणाचा विस्तार कसा झाला ते पाहणे.
२) १९३४, १९३८ व १९४६ च्या मुंबई प्रांतातील कायद्यांमधील प्रतिनिधित्वविषयक तरतुदींची चिकित्सा करणे.
३) १९८२ च्या संपाची परिणती आणि या तरतुदी यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) अलीकडील कामगार संहितांच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

नारायण मेघाजी लोखंडे आणि पहिल्या मागण्या

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा कामगारांच्या मागणीतून आलेला नव्हता. इंग्लंडमधील सुधारकांची कळकळ आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ या दोहोंचा त्यामागे हात होता. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांबाबत त्यात काहीही नव्हते. गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. साप्ताहिक सुटीची खात्री नव्हती.

ही उणीव प्रथम संघटितपणे मांडली ती सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला सादर केले. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळणे आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई अशा त्यातील मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ मिळाले.

लोखंडे यांच्या उर्वरित मागण्यांचा प्रवास मात्र दीर्घ ठरला. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. पगार ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातले. म्हणजे या साध्या मागणीला कायद्याचे रूप मिळण्यास ५२ वर्षे लागली.

या काळातील आणखी एक गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला सभासदांची नोंदवही, निधी वा नियमावली नाही, सबब ती खरी कामगार संघटना मानता येत नाही, असा शेरा तत्कालीन सरकारी अहवालात मारला गेला. हजारो कामगार ज्याच्या हाकेला ओ देत होते, त्याच्या प्रतिनिधित्वाबद्दल शंका घेतली गेली ती कागदपत्रांच्या आधारे. कामगारांचा विश्वास आणि शासनाची मान्यता यांतील ही तफावत पुढे शंभर वर्षे वेगवेगळ्या रूपांत प्रकट होत राहिली.

संरक्षणाचा विस्तार आणि संघटित शक्ती

पहिल्या कायद्यानंतरच्या सहा-सात दशकांत कायद्याची कक्षा सातत्याने रुंदावत गेली. १८८१ मध्ये १०० कामगारांच्या कारखान्याला लागू असलेला कायदा १८९१ मध्ये ५० कामगारांच्या, १९२२ मध्ये २० कामगारांच्या आणि १९४८ मध्ये यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या १० कामगारांच्या कारखान्याला लागू झाला. प्रौढ पुरुषांचे कामाचे तास कापड गिरण्यांत १९११ मध्ये दिवसाला १२ वर आणले गेले. आठवड्याची मर्यादा १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तास झाली.

हा विस्तार केवळ शासनाच्या औदार्यातून झाला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ठरावांचा त्यात वाटा होता, तसाच मुंबईतील संपांचाही होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९१९ व १९२० मध्ये महागाईच्या पार्श्वभूमीवर सार्वत्रिक संप झाले. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली तेव्हा दीर्घ संप झाला. कापडावरील अबकारी कर सरकारने स्थगित केल्यानंतर ती कपात मागे घेतली गेली.

१९२८ चा सार्वत्रिक संप या मालिकेतील सर्वांत मोठा होय. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशा प्रकारच्या ‘रॅशनलायझेशन’ला विरोध हे त्याचे प्रमुख कारण होते. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. याच संपात, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अर्जुन आत्माराम आळवे या गिरणी कामगारासह श्री. अ. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर हे तिचे पुढारी होते. वर्षअखेरीस तिची सभासदसंख्या ५० हजारांच्या पुढे गेली. युनियनची खरी ताकद गिरणीगणिक स्थापन झालेल्या गिरणी समित्यांत होती. खात्यातील दैनंदिन तक्रार घेऊन कामगारांचाच निवडलेला माणूस व्यवस्थापकापुढे उभा राहू लागला. भरती, बडतर्फी, कर्ज आणि खोली या सर्व बाबतींत कामगारावर हुकमत गाजवणाऱ्या जॉबरच्या सत्तेला हे मोठे आव्हान होते. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांना अटक झाली, त्याच वर्षीचा संप फसला आणि समित्यांचा हा प्रयोग अल्पायुषी ठरला.

कामगारांच्या अंतर्गत प्रतिनिधित्वाचा प्रश्नही येथे दुर्लक्षून चालणार नाही. सूत तुटल्यावर धोट्यातून नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या साचेखात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवली. स्त्री कामगारांची स्थितीही अशीच होती. १९२० च्या दशकात एकूण गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. रात्रपाळीस मनाई, यंत्रांतील बदल व कपात यांमुळे ते पुढे घटत गेले. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यासारखे संरक्षण हाती येत असतानाच नोकरी हातची जात होती. कामगारांच्या एकजुटीतही सर्वांचा आवाज सारखा नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

कामगारांच्या वतीने कोणी बोलावे?

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेला नोंदणीचा अधिकार दिला. मात्र तिच्याशी वाटाघाटी करण्याचे बंधन मालकावर घातले नाही. ही पोकळी मुंबई सरकारने क्रमाक्रमाने आपल्या पद्धतीने भरून काढली.

१९३४ च्या संपानंतर मुंबई औद्योगिक कलह समझोता कायदा झाला. त्यानुसार कामगारांच्या तक्रारी मांडण्यासाठी सरकारी ‘लेबर ऑफिसर’ नेमण्यात आला. संघटना असतानाही कामगारांचा प्रवक्ता म्हणून सरकारी अधिकारी उभा करण्याची ही व्यवस्था होती. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाने त्यापुढचे पाऊल टाकले. समझोत्याची दीर्घ प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय केलेला संप बेकायदेशीर ठरणार होता आणि संघटनांची कायद्याने प्रतवारी होणार होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने डॉ. आंबेडकर यांनी विधिमंडळात या विधेयकास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे होय, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडवून आणला. तरीही विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले.

याच विचाराची परिपूर्ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात झाली. अहमदाबादच्या मजूर महाजन परंपरेतून आलेले गुलझारीलाल नंदा हे त्या वेळी कामगारमंत्री होते. या कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ ही संकल्पना रूढ केली. एखाद्या स्थानिक क्षेत्रातील उद्योगात ठरावीक प्रमाणात सभासद असलेल्या संघटनेला हा दर्जा मिळे. तो मिळाला की तिने केलेला करार सभासद नसलेल्या कामगारांनाही बंधनकारक ठरे. मुंबईच्या कापड उद्योगात हे स्थान १९४५ मध्ये स्थापन झालेल्या, काँग्रेस विचाराच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला प्राप्त झाले. सभासदत्वाची पडताळणी वर्गणीच्या नोंदींवरून होई. गुप्त मतदानाची तरतूद नव्हती. शिवाय क्षेत्र शहरभराचे असल्यामुळे एखाद्या गिरणीतील सर्व कामगार नाराज असले तरी त्यांना आपला प्रवक्ता बदलता येत नव्हता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अनेक संघटनांच्या स्पर्धेतून उद्योगात अस्थैर्य येते आणि दुबळ्या कामगारास लवादाचा आधार हवा असतो, ही नंदा यांची भूमिका निराधार नव्हती. औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने गिरण्यागिरण्यांतील वेतनाची तफावत दूर केली आणि २६ दिवसांच्या कामासाठी किमान ३० रुपये मूळ वेतन ठरविले; त्यावर महागाई भत्ता मिळे. राज्य विमा योजना (१९४८), भविष्यनिर्वाह निधी (१९५२), बोनस (१९६५) आणि उपदान (१९७२) यांच्या कायद्यांनी कायम कामगाराचे जीवन निश्चितच सुरक्षित केले. प्रश्न लाभांच्या अस्तित्वाचा नसून ते टिकविण्याच्या साधनांचा होता.

बदली कामगार : संरक्षणाच्या कक्षेतील पोकळी

संरक्षणाची मर्यादा सर्वाधिक स्पष्ट होते ती बदली कामगाराच्या संदर्भात. कायम कामगार गैरहजर राहिला तरच काम मिळणारा हा वर्ग रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. १९३५ पासून मालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली आणि जॉबरच्या मनमानीला काहीसा आळा बसला. परंतु कामाची हमी मिळाली नाही. वर्षानुवर्षे त्याच खात्यात, त्याच साच्यावर काम करूनही अनेकांच्या नावापुढील ‘बदली’ हा शब्द गेला नाही. ज्या महिन्यात काम कमी, त्या महिन्यात पगार कमी. रजा, उपदान इत्यादी लाभ कामाच्या दिवसांवर अवलंबून असल्याने तेही अनिश्चित. कायद्याच्या पुस्तकात कामगार संरक्षित होता. गिरणीच्या दारात मात्र त्याची गणना रोजच्या रोज नव्याने होत होती.

१९८२ चा संप

प्रातिनिधिक संघटनेच्या मक्तेदारीविरुद्ध असंतोष वारंवार उफाळून आला. १९५० मध्ये बोनसच्या प्रश्नावर समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने ६३ दिवसांचा संप केला. १९७४ मध्ये डांगे यांच्या नेतृत्वाखाली ४२ दिवसांचा संप झाला. दोन्ही वेळी गिरण्या बंद पाडण्याइतका पाठिंबा असूनही कायद्याने मान्य संघटना बदलली नाही.

ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसच्या तडजोडीवरून काही गिरण्यांतील कामगार काम बंद ठेवून बाहेर पडले आणि त्यांनी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे नेतृत्वाची मागणी केली. येथे पुढाऱ्याने कामगारांना शोधले नाही, कामगारांनी पुढारी शोधला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे ६० गिरण्यांतील जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, घरभाडे भत्ता व प्रवास भत्ता यांबरोबर बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या मागण्या त्यात होत्या. म्हणजे हा लढा केवळ पगाराचा नव्हता. आपला प्रवक्ता आपण निवडण्याच्या हक्काचाही होता.

या हक्कापाशीच संप अडला. कायद्यानुसार संप बेकायदेशीर आणि वाटाघाटींचा अधिकार मान्य संघटनेलाच, ही भूमिका शासन व मालक यांनी सोडली नाही. ज्या संघटनेला वाटाघाटींचा अधिकार होता तिच्यामागे संपकरी नव्हते आणि ज्यांच्यामागे संपकरी होते त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. अशा स्थितीत अडीच लाख कामगारांच्या वादाला तडजोडीचा वैध मार्गच उरला नाही. कुटुंबे गावाकडे गेली, भांडीकुंडी व दागिने विकले गेले, मुलांची शिक्षणे सुटली. संप अधिकृतपणे कधीही मागे घेतला गेला नाही; १९८३ मध्ये तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले.

संपाच्या अपयशास केवळ कायदा कारणीभूत होता, असे म्हणणे एकांगी ठरेल. जुनी यंत्रे, गुंतवणुकीचा अभाव, मालकांनी अन्य उद्योगांकडे वळविलेला पैसा आणि यंत्रमागांची स्पर्धा ही कारणेही तेवढीच खरी आहेत. संपकाळात मागणीचा मोठा भाग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी पुरविला. तेथे एकाच मालकाचे माग लहान लहान युनिटांत विभागून कामगारसंख्या कायद्याच्या मर्यादेखाली दाखविण्याची पद्धत रुळलेली होती. त्यामुळे कापड तयार होत राहिले. त्यामागील संरक्षणे मात्र मागे पडली.

कायदा न बदलता झालेला क्षय

औद्योगिक कलह कायद्यात १९७६ साली समाविष्ट केलेल्या ‘पाच-ब’ प्रकरणाने ३०० वा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक केली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० कामगारांपर्यंत खाली आणली आणि ती १९८४ पासून अमलात आली. म्हणजे गिरण्यांतील हजारो कामगार देशोधडीला लागत असताना कागदावरील संरक्षण वाढत होते, असे विलक्षण चित्र दिसते. गिरणी औपचारिकरीत्या बंद न करता वीज तोडली जाऊ देणे, पगार थकविणे आणि मग स्वेच्छानिवृत्ती पुढे करणे, या मार्गांनी परवानगीची अट निष्प्रभ झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची विक्री व विकास यांना वाट करून दिली आणि सुमारे ६०० एकरांची ही जमीन कापडापेक्षा अधिक मोलाची ठरली. २००१ मधील बदलानंतर सार्वजनिक मोकळ्या जागा व घरे यांचा वाटा केवळ रिकाम्या जमिनीवर मोजला जाऊ लागला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मात्र संघर्ष समित्यांना पुढेही वर्षानुवर्षे लढावे लागले.

समकालीन संदर्भ

२०१९ व २०२० मध्ये संसदेने २९ केंद्रीय कायद्यांऐवजी चार कामगार संहिता मंजूर केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आणल्या गेल्या. कारखाना बंद करण्याच्या परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर गेली. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर आली. १०० पासून ५०, २० आणि १० पर्यंत उतरत आलेली रेषा १९२२ च्या पातळीवर परतली. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली संपाच्या पूर्वसूचनेची अट सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तसे नसल्यास वाटाघाटी परिषदेची तरतूद आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीतील कामगारास एका वर्षानंतर उपदान देण्याची तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु मुदत संपताच नोकरी संपणाऱ्या या कामगाराचे बदली कामगाराशी असलेले साम्य नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष

१) कामगार संरक्षणाचा विस्तार आणि कामगारांची स्वयंनिर्णित संघटना या दोन प्रक्रिया १९४८ पर्यंत बऱ्याच अंशी हातात हात घालून चालल्या.

२) १९३४, १९३८ व १९४६ च्या कायद्यांनी औद्योगिक शांततेसाठी प्रतिनिधित्वाचा निर्णय कामगारांकडून काढून नोंदींकडे आणि शासनाकडे सोपविला. त्यातून लाभ मिळाले, परंतु ते राखण्याची शक्ती क्षीण झाली.

३) जातीमुळे साचेखात्याबाहेर राहिलेले, प्रमाणाने घटत गेलेल्या स्त्रिया आणि बदली कामगार यांना संरक्षण सर्वांत उशिरा किंवा अपुरे मिळाले. प्रतिनिधित्वाचा प्रश्न संघटनेच्या आतही तितकाच गंभीर होता.

४) १९८२ नंतरचा क्षय कायदे रद्द होऊन झालेला नाही, कायदे अस्तित्वात असताना झालेला आहे. म्हणून संरक्षणाचे मोजमाप केवळ कलमांच्या संख्येवरून करणे पुरेसे नाही.

नव्या संहितांवरील चर्चा बहुतांशी मर्यादांच्या आकड्यांभोवती फिरते. ती आवश्यक आहेच. परंतु मुंबईचा इतिहास अधिक मूलभूत निकषाकडे लक्ष वेधतो : वाटाघाटीच्या टेबलावर बसलेला माणूस कामगारांनी मोकळेपणी निवडलेला आहे काय आणि तो त्यांना बदलता येतो काय? १८८४ मध्ये सुपारीबागेत जमलेल्या कामगारांनी तो अधिकार कोणाचीही परवानगी न घेता वापरला होता. त्यांच्या बहुतेक मागण्या कालांतराने कायद्यात आल्या. तो अधिकार मात्र पूर्णांशाने आला नाही. त्याच्या अभावाची किंमत अडीच लाख कुटुंबांनी मोजली.